राडेगुंड म्हणजे काय? जुन्या जर्मानिक पोरींच्या नावाचा अर्थ कसा खोदून काढायचा

सगळ्यात आधी ते बेबी नेमवाले ॲप अन् साइटी बंद करा. खरंच सांगून राहिलो. तिथं प्रत्येक नावाचा अर्थ एका ओळीत दिलेला असतो, 'शहाणी योद्धा', 'शूर राजकन्या', 'तेजस्वी परी', आणि तो अर्थ कुठून आला, कोणत्या काळातला, कोणी लावला, याचा पत्ताच नाही. चार साइटींवर तोच अर्थ दिसला म्हणजे चार पुरावे झाले असं समजू नका, एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी कॉपी मारली एवढंच ते.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या गावच्या ग्रुपवर एका पोट्टीनं (यवतमाळला कॉलेजात आहे, इतिहास विषय) विचारलं, "काका, राडेगुंड या नावाचा अर्थ काय होते? जुनं जर्मन नाव हाये म्हणते." मग काय, पोट्ट्यांना तेवढंच पाहिजे होतं. "राडा करणारी गुंड", "अबे हे नाव हाये का ठाण्यातली नोंद", "बापानं पोरीचं नाव ठेवलं का सुपारी देली" असं सुरू झालं ते रात्रीपर्यंत. पण तिचा प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर लय मजेदार निघते, म्हणून आता त्या एका नावावरूनच सगळी रीत सांगतो. मग तुम्हाला गेममधलं, सिरीयलमधलं, नाहीतर जर्मनीत नोकरीला गेलेल्या भाच्यानं पाठवलेलं कोणतंही असलं जुनं नाव आलं तरी त्याच रस्त्यानं जाता येईल.

पहिलं काम, नावाची सगळ्यात जुनी नोंद शोधा. आजचं स्पेलिंग नाही, जुनं. नाव तोंडातोंडी घासत जाते. आपल्याकडं नाही का, द्रौपदीची दुर्पता होते, वत्सलेची वच्छला होते आणि रेशन कार्डावर अजून तिसरंच काहीतरी येते, आता नुसत्या 'दुर्पता'वरून कोणी अर्थ काढायला बसला तर तो दूर आणि पत्ता असंच करीन ना. तसंच तिकडं. फ्रेंच लोक याच नावाला रादगोंद म्हणतात, जर्मन राडेगुंडे म्हणतात नाहीतर शेवटचा ड थोडा ट सारखा काढून राडेगुंट म्हणतात, पण जुन्या लॅटिन लिखाणात ते राडेगुंडिस असं येते. इंग्रजीत सर्च मारायचं तर आर-ए-डी-ई-जी-यू-एन-डी-आय-एस असं टाका, आजच्या स्पेलिंगपेक्षा जास्त कामाचं सापडते.

आणि हे नाव कुणाचं होतं तेही सोबतच पाहून घ्या, कारण माणूस सापडला की काळ सापडतो आणि काळ सापडला की भाषा सापडते. राडेगुंड ही ६ व्या शतकातली थुरिंगियाची राजकन्या. थुरिंगिया म्हणजे आजच्या जर्मनीच्या मधला मुलूख. ५३१ मध्ये फ्रँक लोकांच्या (आजच्या फ्रान्सकडं तेव्हा त्यांचंच राज्य होतं) राजांनी ते राज्य बुडवलं, ही लहान पोर लुटीच्या मालासोबत क्लोथार राजाच्या हाती लागली, त्यानं तिला आपल्याकडं नेऊन वाढवलं आणि पुढं तिच्याशीच लग्न केलं. नंतर त्याच नवऱ्यानं तिच्या भावाला मारवलं. त्यावर ती राजवाडा सोडून निघाली, दीक्षा घेतली आणि आजच्या फ्रान्समधल्या प्वातिए इथं बायांचा मठ काढला. १३ ऑगस्ट ५८७ ला ती वारली. तूर शहराचा बिशप ग्रेगरी तिच्या मातीला हजर होता आणि त्यानं ते लिहून ठेवलं आहे, फोर्तुनातुस नावाचा कवी तिचा मित्र होता, त्यानं तिचं चरित्र लिहिलं, आणि दुसरं चरित्र मठातल्याच एका बाईनं लिहिलं, तिचं नाव बाउडोनिविया. म्हणजे आपल्या नावाला ओळखीच्या माणसांनीच केलेल्या नोंदी आहेत. एवढं भाग्य सगळ्या नावांचं नसते, पुष्कळ नावं कुठल्या तरी मठाच्या प्रार्थनेच्या वहीत नाहीतर जमिनीच्या खातेवहीत एकदाच येतात आणि संपतात. पॅरिसजवळच्या सेंट जर्मेन मठाची ९ व्या शतकातली अशी एक खातेवही आहे, आपल्या सातबाऱ्यासारखंच प्रकरण, कोणत्या कुळाकडं किती जमीन, बायको कोण, लेकरं कोण, सगळं नावानिशी. राण्यांची नावं तर कुठंही मिळतात, शेतकऱ्यांच्या बायकांची नावं अशा वहीत मिळतात, मले विचाराल तर तीच वाचायला जास्त मजा आहे.

आता जुनं रूप हाती आलं की त्याची लॅटिन शेपटी कापा. लिहिणारे पाद्री लॅटिनमध्ये लिहायचे, त्यामुळं प्रत्येक नावाला इस, आ, उस असलं काहीतरी चिकटवायचे. राडेगुंडिसचा 'इस' त्यांचा, पोरीचा नाही. राहिलं राडेगुंड.

मग त्याचे दोन तुकडे करा. जुन्या जर्मानिक लोकांची, म्हणजे फ्रँक, गॉथ, सॅक्सन, थुरिंगियन, लोंबार्ड या सगळ्यांची, मोठी नावं बहुतेक दोन तुकड्यांची असतात. राडे आणि गुंड. कुठं तोडायचं हे कळत नसेल तर शेवटाकडून या, कारण बायांच्या नावाच्या शेवटी येणारे तुकडे ठरलेले आहेत आणि ते फार नाहीत. हिल्ड, गुंड, ट्रुड, गार्ड, बुर्ग, लिंड, स्विंड, हाइड, एवढे ओळखता आले तरी अर्ध्याहून जास्त नावं फुटतात. क्लोटिल्ड, मॅटिल्डा, ब्रुनहिल्ड इथं हिल्ड, कुनिगुंड आणि फ्रेडेगुंड इथं गुंड, गेर्ट्रुडमध्ये ट्रुड, हिल्डेगार्डमध्ये गार्ड. आणि पोरीचं नाव का पोराचं हेही शेवटच्या तुकड्यावरूनच कळते. हिल्ड, गुंड, बुर्ग हे त्यांच्या भाषेत स्त्रीलिंगी शब्द, म्हणून ते शेवटी आले की बाई. वुल्फ, बेर्ट, रिक, मुंड शेवटी आले की बुवा. पहिल्या तुकड्याला असं काही बंधन नाही, तो कोणालाही लागते. गुंड शेवटी आहे म्हणून राडेगुंड बाई, आणि गुंड पुढं येऊन गुंडोबाद झाला की तो बर्गंडीचा राजा.

तुकडे झाले, आता एकेका तुकड्याचा अर्थ. इथं लोक सगळ्यात जास्त घसरतात कारण ते आजच्या जर्मन डिक्शनरीत पाहतात, नाहीतर इंग्रजीत सारखा दिसणारा शब्द उचलतात. राडेमधला राड म्हणजे इंग्रजीतला लाल नाही आणि जर्मनमधलं चाक पण नाही. तो जुना शब्द आहे, सल्ला, मसलत, सल्ल्याची अक्कल. आजच्या जर्मनमध्ये तो रात म्हणून जिवंत आहे, त्यांच्या नगरपालिकेच्या इमारतीला राटहाउस म्हणतात ते त्यावरूनच. दुसरा तुकडा गुंड, म्हणजे लढाई. तो बोलीभाषेतून कधीचाच गेला, नावातच उरला.

पण नुसतं मी म्हणतो म्हणून मानू नका, ताडून पाहायची रीत आहे. एकच तुकडा शेजारच्या भाषांमध्ये कसा दिसते ते पाहायचं. प्रत्येक भाषेचं तोंड वेगळं, पण वळण ठरलेलं. हा गुंड गॉथ-फ्रँक लोकांत गुंथ होता, शेवटच्या थचा जर्मनीत ड झाला. उत्तरेकडं नॉर्समध्ये, म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडच्या जुन्या भाषेत, त्याचा गुन्न झाला, गुनहिल्ड नावात तो बसला आहे. आणि इंग्लंडच्या सॅक्सन लोकांनी मधला न खाऊन टाकला, तिथं तो गूथ किंवा गिथ झाला. आता गंमत पाहा, इंग्रजीतलं एडिथ हे नाव आहे ना, आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही सापडते ते, ते मुळात एआड-गिथ, एआड म्हणजे धनदौलत आणि गिथ म्हणजे आपलाच गुंड. एडिथमध्ये गुंड लपून बसला आहे हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. राडचंही तसंच, आल्फ्रेडच्या शेवटी जो रेड आहे आणि कॉनराडच्या शेवटी जो राड आहे तो हाच.

तिकडच्या जुन्या गाण्यात शब्द खरंच वापरलेला सापडला तर मग प्रश्नच मिटला. हिल्डेब्रांटचं एक जुनं जर्मन वीरगीत आहे, ९ व्या शतकात फुल्डाच्या मठात कोणीतरी एका धार्मिक पोथीच्या कोऱ्या पानांवर उतरवून ठेवलं, शेवट तुटलेला आहे. बाप आणि लेक दोन सैन्यांच्या मध्ये समोरासमोर येतात, लेकाला बाप ओळखू येत नाही. त्यात लढाईला जायच्या आधी ते अंगावर चढवतात त्या पोशाखाच्या शब्दात हाच गुंडचा भाऊ, 'गुध' असा, येते, आणि पुढच्याच ओळींत ते हिल्टला निघाले, म्हणजे लढाईला निघाले. म्हणजे हिल्ड आणि गुंड हे दोन्ही शब्द तिथं नाव म्हणून नाही तर बोलण्यात वापरलेले मिळतात. त्या बाप-लेकाच्या नावावर मी परत येतो, ते महत्त्वाचं आहे.

त्याआधी संस्कृतचं. आपल्या लोकांना ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही आणि इथं पाहण्यासारखं खरंच आहे, कारण जर्मानिक भाषा आणि संस्कृत एकाच जुन्या कुळातल्या. राड हा शब्द संस्कृतच्या राध् या धातूचा नातेवाईक, साधणं, सिद्धीस नेणं, त्यावरूनच आपली आराधना आणि राधा. गुंड हा हन् धातूचा नातेवाईक. हन् मध्ये ग कुठून आला म्हणाल तर शत्रुघ्न पाहा, त्यातला घ्न म्हणजे हन्च आहे, मूळचा घ तिथं टिकून राहिला. म्हणजे ग्रुपवरचे पोट्टे ज्याला राडा आणि गुंड समजून हसत होते ते नात्यानं पाहिलं तर राधा आणि शत्रुघ्न निघाले. मराठीतल्या राड्याचा आणि गुंडाचा त्याच्याशी काही संबंध नाही, नुसता कानाला सारखा लागते. अजून बघा, क्लोथार आणि क्लोटिल्डच्या सुरुवातीचा क्लो मुळात ह्लुद, म्हणजे ज्याचं नाव ऐकू येते असा, तो संस्कृत श्रुत. वुल्फ म्हणजे वृक. सिगफ्रीडमधला सिग म्हणजे विजय, तो आपला सहस्. त्यातला फ्रीड म्हणजे शांतता, त्याचं मूळ आणि प्रियचं मूळ एकच. कुनिगुंडमधला कुनि म्हणजे कुळ, जन. आणि बाउडोनिवियाच्या शेवटचा निविया म्हणजे नवी, संस्कृत नव्य. आज अंगणवाडीच्या रजिस्टरात नव्या नावाच्या किती पोरी आहेत ते सेविकाताईला विचारा.

पण ध्यानात ठेवा, हे नातं आहे, अर्थ नाही. राडेगुंडच्या मायबापाला राधा माहीत नव्हती. 'जर्मन लोकांची नावं संस्कृतमधून आली' असा फॉरवर्ड कोणी टाकला तर त्याला सांगा की आली नाहीत, दोघांचा आजा एक.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. तुकड्यांचे अर्थ मिळाले, सल्ला आणि लढाई, आणि लगेच आपण त्याचं वाक्य करतो. लढाईत सल्ला देणारी. शहाणी योद्धा. बेबी नेमवाले इथंच थांबतात, पण ते वाक्य त्या नावात नाहीच.

कावून नाही ते दाखवतो. हिल्डेगुंड नावाच्या बाया मध्ययुगात होत्या, ११८८ मध्ये वारलेली शोनाऊची हिल्डेगुंड तर गाजलेली आहे, ती पुरुषाचा वेष घेऊन जोसेफ नावानं मठात राहायची. हिल्ड म्हणजे लढाई आणि गुंड म्हणजे लढाई. लढाई-लढाई. कोणता बाप पोरीचं नाव लढाई-लढाई ठेवीन? आणि उलटं करून गुनहिल्ड पण आहेच, ती पण लढाई-लढाई. दुसरं, राडेगुंडचे तुकडे उलटे करून गुंड्राडा असं नाव होतं, शार्लमेन बादशहाच्या नात्यातली एक बाई होती त्या नावाची. मग राडेगुंड म्हणजे लढाईतला सल्ला आणि गुंड्राडा म्हणजे सल्ल्यातली लढाई का? असं काही नसते.

मग तुकडे निवडायचे कसे? घरातून. मायचं थोडं, बापाचं थोडं, आज्याचं थोडं. राडेगुंडच्याच घरात पाहा. तिच्या काकाचं नाव हर्मनफ्रीड, काकू गॉथ राजा थिओडोरिकची भाची, तिचं नाव अमालाबेर्गा. त्यांच्या लेकाचं नाव काय ठेवलं? अमालाफ्रीड. मायचा पुढचा तुकडा, बापाचा मागचा तुकडा, झालं नाव. अमाल हे गॉथ राजघराण्याचंच नाव होतं, त्यामुळं त्या पोराचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला लगेच कळायचं हा कोणाचा नातू आणि कोणाचा लेक. हाच तो चुलतभाऊ, राज्य बुडल्यावर कॉन्स्टँटिनोपलला गेला, आणि थुरिंगिया कशी बुडाली यावर फोर्तुनातुसनं राडेगुंडच्या तोंडून जी लांब कविता लिहिली ती त्यालाच उद्देशून आहे. आणि आता ते हिल्डेब्रांटचं गाणं घ्या. आजा हेरिब्रांट, बाप हिल्डेब्रांट, लेक हाडुब्रांट. तिघांच्या शेवटी ब्रांट, तिघांची सुरुवात ह पासून, आणि हेरि म्हणजे फौज, हिल्ड म्हणजे लढाई, हाडु म्हणजे पण लढाईच. नाव ऐकूनच खानदान कळावं अशी ती सोय होती, आडनावं तेव्हा नव्हतीच.

ज्याला हे अजूनही पटत नसेल त्यानं कौंडिण्यपूरला जाऊन यावं, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीवर, रुक्मिणीचं माहेर म्हणतात ते. भागवतात विदर्भाच्या भीष्मक राजाच्या लेकरांची नावं दिलेली आहेत, रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली, आणि धाकटी रुक्मिणी. रुक्म म्हणजे सोनं. आता रुक्मकेशाचे केस सोनेरी होते म्हणून नाव पडलं आणि रुक्मरथाकडं सोन्याचा रथ होता म्हणून नाव पडलं असं कोणी सांगत बसते का? पहिला तुकडा घराचा, दुसरा बदलत गेला, एवढंच. आपल्या वाकाटकांचं तर डायरेक्ट जर्मन लोकांसारखं, रुद्रसेन, प्रवरसेन, नरेंद्रसेन, शेवटचा तुकडा कायम आणि पुढचा बदलता. आणि काळही फार लांबचा नाही, वाशीम-रामटेककडं वाकाटकांचं राज्य मावळलं त्यानंतर थोड्याच वर्षांनी राडेगुंड जन्मली.

म्हणून अर्थ लिहिताना 'राड, सल्ला, अधिक गुंड, लढाई' असं मध्ये अधिकचं चिन्ह टाकून लिहा. 'ची', 'तली', 'साठी' हे प्रत्यय मधात घुसवू नका, ते तुमचे आहेत, त्यांचे नाहीत.

आता कोणी म्हणेल की मग त्या लोकांना अर्थ कळतच नव्हता का. कळत होता, आणि ते खेळतही होते, पण तो वेगळा अर्थ झाला. १० व्या शतकात गांडर्सहाइमच्या मठात ह्रोट्सविट नावाची बाई होती, नाटकं लिहायची, लॅटिनमध्ये, पार मधल्या काळात नाटक लिहिणारी बाई म्हणजे केवढी गोष्ट. तिनं स्वतःच्या नावाचं लॅटिन करून स्वतःला 'क्लामोर वालिदुस' म्हणून घेतलं, म्हणजे दमदार आवाज. सविट म्हणजे दमदार हे बरोबर, तो स्विंड तुकडाच आहे. ह्रोट मात्र अभ्यासक कीर्ती या अर्थानं घेतात, तिनं आवाज घेतला. आता लिहिणाऱ्या बाईनं स्वतःला दमदार आवाज म्हणवून घेतलं तर ते तिचं बरोबरच आहे, मी तर म्हणतो डिक्शनरीपेक्षा भारी आहे, पण नोंद करताना दोन्ही वेगवेगळं लिहायचं, नावाचं मूळ हे आणि नाववालीनं लावलेला अर्थ हा.

उलट उदाहरण स्मरागडुसचं. ९ व्या शतकातला मठाधिपती, व्याकरणाचा माणूस, त्यानं गॉथ-फ्रँक नावांचे लॅटिन अर्थ लावायला घेतले आणि रातमुंट या नावाचा अर्थ दिला 'तोंडाचा सल्ला'. रात त्याला बरोबर कळला, पण मुंट म्हणजे रक्षण, तो त्यानं तोंड या अर्थाचा शब्द समजला. आल्टमिरचा अर्थ त्यानं केला 'मला म्हातारा', कारण मिर म्हणजे त्यांच्या बोलीत 'मला', मुळात तो तुकडा कीर्तीचा. म्हणजे ९ व्या शतकापर्यंत शिकलेल्या माणसालाही काही तुकडे ओळखू येईना. १२०० वर्षांआधीचा बेबी नेम ॲप म्हणा ना.

अजून एक पायरी लोक विसरतात, काळ बदलला की नावाचा अर्थही बदलते. ६ व्या शतकात राडेगुंड हे घराण्याच्या तुकड्यांचं नाव. पण ती संत झाली, तिच्या नावानं चर्चं झाली, फ्रान्समध्ये सेंत-रादगोंद नावाची गावंच्या गावं आहेत, ऑस्ट्रियात सांक्ट राडेगुंड आहे, इंग्लंडात केंब्रिजचं जीझस कॉलेज १४९६ मध्ये ज्या जागी निघालं तिथं आधी सेंट राडेगुंडच्या नावाचा बायांचा मठ होता. यानंतर ज्या कोणी पोरीचं नाव राडेगुंड ठेवलं गेलं ते सल्ला आणि लढाई डोक्यात ठेवून नाही, त्या संताच्या नावावरून. आपण पोरीचं नाव मुक्ता ठेवतो ते मुक्ताबाईसाठी, मोक्षाचा विचार किती जण करतात. त्यामुळं तुम्हाला सापडलेली बाई १३ व्या शतकातली असेल तर तिच्या नावाचा खरा अर्थ एवढाच की मायबाप त्या संताला मानायचे.

कुठं पाहायचं ते सांगतो, फार नाही. एर्न्स्ट फॉर्स्टेमान नावाच्या जर्मन माणसानं १८५६ मध्ये जुन्या जर्मन नावांचा मोठा कोश काढला, तो जुना असल्यामुळं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. त्यात नावाची मांडणी पूर्ण नावावरून नाही तर तुकड्यावरून आहे, म्हणून आधी तुकडे करून मगच तिथं जा, आणि प्रत्येक तुकड्याखाली तो ज्यांच्या शेवटी येते अशा नावांची यादी असते ती आधी पाहा, दुर्मिळ नाव सापडायची तीच जागा. फाईल लय जड आहे, गावात रेंजचा भरवसा नाही, म्हणून तालुक्याला गेले की वायफायवर डाउनलोड करून ठेवा. जर्मन येत नसेल तर पानाचा फोटो काढून ट्रान्सलेटमध्ये टाका, काम भागते, फक्त नावांचं पण भाषांतर करून टाकते ते, तेवढं डोळे उघडे ठेवून पाहा. फ्रान्सकडच्या नावांसाठी मारी-तेरेझ मोर्ले या बाईंचा कोश चांगला, फ्रेंचमध्ये आहे. इंग्रजीत मध्ययुगीन युरोपातल्या नावांचा एक ऑनलाइन कोश आहे, त्यात नाव कोणत्या साली कोणत्या कागदात कोणत्या स्पेलिंगनं आलं ते ओळीनं देतात, सुरुवात तिथून केली तर सगळ्यात बरं. कोशकार जुने असतील आणि नवीन संशोधन वेगळं म्हणत असेल तर नवीन धरा, फॉर्स्टेमानचे पुष्कळ तुकडे नंतरच्या लोकांनी दुरुस्त केले आहेत.

आणि आखूड नावं आली तर हा तोडायचा खेळ चालत नाही. इडा, ओडा, उटा, बेर्टा, एम्मा ही घरातली लाडाची रूपं असतात. बेर्टा म्हणजे उजळ, संस्कृत भ्राज् त्याच्या नात्यातला. एम्मा हे एर्मिन किंवा इर्मिनवाल्या मोठ्या नावांचं छोटं रूप, एर्मिन म्हणजे सगळं, अख्खं. अशा नावात दुसरा तुकडा शोधत बसू नका, नाहीच तो.

शेवटी त्या पोट्टीला मी जे उत्तर टाकलं ते असं होतं, हाच साचा वापरा: "राडेगुंड. जुनं लिखित रूप राडेगुंडिस, ६ वं शतक, थुरिंगिया आणि फ्रँक राज्य. राड, सल्ला, अधिक गुंड, लढाई. बाईचं नाव. नंतरच्या काळात सेंट राडेगुंडवरून." यात योद्धा नाही, परी नाही. बाउडोनिविया तर लिहिते की ती बाई लढणाऱ्या राजांना पत्रं पाठवून भांडू नका म्हणून सांगायची, म्हणजे नावात लढाई आणि काम समेटाचं.

त्यावर तिचा दुसरा मेसेज आला, "काका, वहिनीले पोरगी झाली, तिचं ठेवायचं होतं." हे आधी सांगायला पाहिजे होतं बाप्पा. माझं मत विचारलं म्हणून सांगितलं, ठेवू नका, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचं काय होईल ते ग्रुपवर दिसलंच आहे. जर्मानिकच पाहिजे असेल तर इडा आहे, एम्मा आहे, लिंडा आहे, तोंडात बसतात, भटजीनं इ नाहीतर ए अक्षर काढलं असेल तर तेही जमते. घाई पण नाही, जन्माची नोंद वेळेत करून घ्या, नाव नंतर टाकता येते, नोंदीपासून १२ महिन्यांत फुकट आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. फक्त ग्रामपंचायतीत जाताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, तोंडी सांगू नका, आणि दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचून घ्या, एम्माचं अम्मा झालं तर दुरुस्तीला परत अर्ज, परत चकरा.